खोडलेलं ‘इच्छिते’

सरकारी कागदावर मी अकरा दिवस वेडा होतो. वेडा हा शब्द आता म्हणायचा नसतो, मनोरुग्ण म्हणायचं, हे मला त्याच वेळी समजलं. पण माझ्यापुरतं वेडाच म्हणा. मनोरुग्ण व्हायला काहीतरी आजार लागतो. माझ्याकडे होता तो निव्वळ मूर्खपणा, आणि त्याला कुठलं इस्पितळ खाट देत नाही. मला मात्र दिली होती. सहा नंबरची, बायकांच्या वॉर्डात.

माझी बायको जाऊन आता दोन वर्षं होतील. ती असताना ही गोष्ट तीच सांगायची, चारचौघांत, मला समोर बसवून. मी मध्ये बोललो तर म्हणायची, ‘पेशंटनी मध्ये बोलू नये.’ आता सांगणारी नाही, म्हणून मी लिहायला घेतलंय. मी चौथी पास. पास म्हणजे मास्तरांनी कंटाळून पुढे ढकललेला. धंद्याने सुतार. माझी रेघ सरळ येते, अक्षर येत नाही. तेव्हा चूक दिसेल तिथे सुधारून घ्या.

नव्वद साल उलटून गेलं होतं. नवीन पनवेल, कळंबोली, रोडपाली सगळीकडे इमारती उठत होत्या आणि दाराच्या चौकटी बसवायला सुतार पुरत नव्हते. मी सकाळी सायकलवर निघायचो तो दिवे लागताना घरी. एकच मुलगी, ती लग्न होऊन पेणला. घरात दिवसभर ही एकटी.

त्या वर्षी गणपती गेले आणि हिची झोप गेली. पहिलं माझ्या लक्षात आलं ते मीठ. एक दिवस आमटी खारट ढोण, दुसऱ्या दिवशी मीठच नाही. मी म्हणालो, ‘डोकं कुठं असतं तुझं?’ ती म्हणाली, ‘तेच शोधते.’ मला वाटलं उलट बोलते. मी आणखी दोन शब्द ऐकवले.

मग तिने नवंच सुरू केलं. ‘हे घर आपला नाय. ज्यांचा हाय ते येतील आता. आपण कुठं जायचा मंग?’ घर आमचंच होतं, माझ्या बापाने बांधलेलं, मी त्याची दारं बदललेली. मी तिला घराचा कागद काढून दाखवला. तिने कागद नीट बघितला आणि म्हणाली, ‘तुमचा असंल. माझा नाव कुठं हाय याच्यात?’ त्या वेळी मला हे वेडाचं बोलणं वाटलं.

एकदा भांड्यांचं गाठोडं बांधून ती चालू लागली. विचुंब्याच्या बाजूला गाढी नदीच्या पुलावर बसलेली सापडली, मांडीवर गाठोडं, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, ‘तुमच्याकडं एक खोली हाय का?’ दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा पुलावर नव्हती, खाली पाण्याजवळ होती. पाण्याकडे बघत बसलेली. मी तिला प्रेमाने समजावून घरी आणलं असं लिहिणार होतो. खोटं आहे ते. मी पुलावरून ओरडलो आणि हाताला धरून ओढत आणलं. लोक बघत होते, म्हणून आणखी जोरात ओरडलो.

भगताकडे नारळ झाला, अंगारा झाला. तिचा भाऊ म्हणाला, सरकारी इस्पितळात टाका. ते नाव काढलं की मी उठून जायचो. मी तरुण असताना आमच्या गल्लीतल्या एका माणसाला नेलेलं मी पाहिलं होतं. पोलीस आले, कोर्टाचा हुकूम आला, हात दोरीने बांधले आणि माणूस टेम्पोत चढवला. काय त्याने खून केला होता? नाही. तो कपडे काढून विहिरीवर बसायचा एवढंच. तो परत आला नाही. त्याच्या बायकोने कुंकू ठेवायचं की पुसायचं हे तिला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. म्हणून मी ठरवलं होतं, कोर्टाच्या दारात हिला उभी करणार नाही.

मग कोणीतरी नवीन पनवेलच्या बाजूच्या एका डॉक्टरचं नाव सांगितलं. बंगल्यातच दहा खाटांचं रुग्णालय, बाहेर कुंडीत तुळस. डॉक्टर तरुण होता, माझ्या मुलीच्या वयाचा. त्याने हिच्याशी तासभर गप्पा मारल्या. माझ्याशी पाच मिनिटं, तीही मी फार बोलतो म्हणून त्याने आवरती घेतली.

‘काका, आता नवा कायदा आलाय,’ तो म्हणाला. ‘पेशंट स्वतः तयार असेल तर कोर्ट नाही, पोलीस नाही. आपल्या इच्छेने यायचं, आपल्या इच्छेने अर्ज देऊन जायचं. अर्ज दिला की एका दिवसात सोडावं लागतं आम्हाला. अगदीच धोका वाटला तर आणखी डॉक्टर बसून ठरवतात, पण ते वेगळं.’

‘आणि तयार नसेल तर?’

‘तर नातेवाईकाचा अर्ज चालतो, त्याला दोन डॉक्टरांचे दाखले आणि तीन महिन्यांची मुदत. त्याचा फॉर्म वेगळा. पण आधी त्यांनाच विचारू ना.’ आणि हिच्याकडे वळून, ‘ताई, राहाल का इथे थोडे दिवस?’

हिने खाटेकडे बघितलं. ‘हितं झोप लागंल?’

‘लागेल. आम्ही बघतो ना.’

‘मंग राहीन.’

मला एवढं हलकं वाटलं की डॉक्टरच्या टेबलाचा एक पाय लंगडा होता तो मी तिथेच कागदाची घडी घालून बसवून दिला.

बाहेर एक मुलगी फॉर्म देत होती. त्या दिवशी गर्दी होती, तिचा फोन वाजत होता. फॉर्म माझ्या हातात देऊन म्हणाली, ‘मावशींची माहिती भरा, त्यांची सही घ्या आणि लागू नसेल ते खोडा.’ मी माणूस कसा आहे, तर मला वाक्याचा शेवटच ऐकू येतो. लागू नसेल ते खोडा. खोडायचं काम आहे म्हटल्यावर माझा हात शिवशिवला.

पहिली ओळ होती, ‘अर्जदाराचे संपूर्ण नाव’. आता अर्जदार म्हणजे कोण? जन्मभर मीच अर्जदार. रेशनकार्डाला मी, विजेच्या मीटरला मी, गॅसच्या नंबराला मी. हिचं नाव यायचं ते खाली, ‘कुटुंबातील इतर व्यक्ती’ या चौकटीत, तेही जागा उरली तर. मी माझं नाव ठोकून घातलं, माझ्या बापाचं घातलं, आडनाव घातलं. वय माझं, धंदा सुतारकाम.

मग खाली छापील ओळ होती. ‘मी, खाली सही करणार, मानसिक आजारावरील उपचारासाठी या रुग्णालयात स्वेच्छेने दाखल होऊ इच्छितो / इच्छिते.’ मी दोनदा वाचली. सही करणार कोण? मी. मी बाप्या की बाई? बाप्या. मग ‘इच्छिते’ लागू नाही. खिशातली घडीची पट्टी काढली, लावली आणि ‘इच्छिते’ या शब्दावर अशी रेघ मारली की छापखान्यात मारतील तर तशी. मानसिक आजार, उपचार, दाखल, हे मधले शब्द मी वाचले नाहीत का? वाचले. पण अर्ज मी करतोय म्हटल्यावर तो हिच्याबद्दलच असणार, त्यात वाचायचं काय?

ही बाजूला बाकावर बसली होती. म्हणाली, ‘माझी सही नको? मला येते सही.’

‘तुला काय कळतंय त्यातलं? गप बस.’

मी सही केली. मुलीने शिक्का मारला आणि फॉर्म फायलीत गेला. अशा रीतीने, सोबत आणलेल्या बायकोला कुठलाही आजार नसताना, मी स्वखुशीने वेड्यांच्या इस्पितळात दाखल झालो, आणि सायकल काढून कामाला गेलो.

पुढचे दहा-अकरा दिवस मी दुपारच्या सुट्टीत रोडपालीहून सायकल मारत डबा घेऊन जायचो. स्वयंपाक माझाच. म्हणजे तांदूळ, डाळ आणि देवाचं नाव. ही सुरुवातीचे तीन दिवस नुसती झोपून होती. वॉर्डात काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘झोपूद्या हो, सहा महिन्यांची झोप शिल्लक दिसते.’ चौथ्या दिवशी ही उठून बसली, घास घेतला आणि म्हणाली, ‘आमटी अळणी हाय.’ मला रडू आलं. मीठ कळलं तिला. मी डबा घेऊन बाहेर आलो आणि कुंडीतल्या तुळशीला पाठ करून डोळे पुसले.

एवढ्यावर थांबलो असतो तर माणूस म्हणवलो असतो. पण मी रोज जाताना तिला एक सांगायचो. ‘शहाण्यासारखी राहा. सही माझी आहे. मी सांगितलं की सोडतील तुला.’ मला वाटायचं मी धीर देतोय. ती एकदाच म्हणाली, ‘आनि मी सांगितला तर?’ मी हसलो.

बाराव्या दिवशी मी डबा घेऊन पोचलो तर बंगल्यापुढे सरकारी जीप. नव्या कायद्याने खाजगी रुग्णालयाला लायसन लागायला लागलं होतं आणि त्याची तपासणी आली होती. एक साहेब खाटांमधलं अंतर मोजत होते. एक बाई टेबलाशी बसून फायली बघत होत्या. चष्मा नाकावर, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. डॉक्टर त्यांच्या बाजूला उभा, घामाघूम.

‘ही सहा नंबरची खाट बायकांच्या वॉर्डात आहे ना?’ बाईंनी विचारलं.

‘हो मॅडम.’

‘मग तिथे हा पुरुष कसा?’

डॉक्टरने फाईल हातात घेतली, वाचली आणि त्याने माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलो नाही. मी दारात, हातात डबा, कानावर पेन्सिल, डोक्यात लाकडाचा भुसा.

‘हे... हे आलेच बघा,’ तो म्हणाला.

‘हे पेशंट?’

‘नाही, पेशंटचे मिस्टर.’

‘कागदावर तर हेच पेशंट आहेत. आणि पेशंट बाहेरून कसे आले?’

मी मदत करावी म्हणून मध्ये पडलो. ‘कामाला जातो ना बाई मी. दुपारी येतो, अर्धा तास असतो, जातो.’

बाईंनी चष्मा काढला. ‘म्हणजे तुम्ही इथे दाखल होऊन अकरा दिवस झाले आणि रोज कामाला जाता?’

‘खाडा नाही एक,’ मी म्हणालो. अभिमानाने म्हणालो, लपवत नाही.

मागे मावशी तोंडाला पदर लावून हलत होत्या. साहेब खाटा मोजायचे थांबले. बाईंनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. ‘वाचा. मोठ्याने वाचा.’

मी वाचलं. ‘मी, खाली सही करणार, मानसिक आजारावरील उपचारासाठी या रुग्णालयात स्वेच्छेने दाखल होऊ इच्छितो.’ शेवटचा शब्द वाचला आणि माझी मलाच चूक दिसली. चौकट उलटी बसवल्यावर दिसते तशी, सगळं झाल्यावर.

‘मी नाही हो इच्छितो,’ मी म्हणालो. ‘ही इच्छिते.’

‘मग ‘इच्छिते’ खोडलं कोणी?’

‘मी.’

‘का?’

मी म्हणालो, ‘पट्टी होती जवळ.’

तेवढ्यात आवाज ऐकून ही वॉर्डाच्या दारात आली होती. तेल लावून वेणी घातलेली, चेहरा भरलेला. डॉक्टरने तिला काय झालं ते सांगितलं. तिने माझ्याकडे नीट बघितलं, वर खाली. आणि म्हणाली, ‘राहू द्या त्यांनाच. त्यांनाच गरज हाय. मी डबा आनत जाईन.’

सगळे हसले. साहेब हसले, मावशी हसल्या, डॉक्टर भीतभीत हसला. सहा-सात महिन्यांत ही पहिल्यांदा कोणाला हसवत होती. मीही हसलो. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी डॉक्टरला झापलं, की माणूस आणि कागद ताडून बघायचं काम तुमचं आहे, यांचं नाही. मग नवा फॉर्म काढायला लावला आणि हिला समोरच्या खुर्चीवर बसवलं.

‘ताई, तुम्हाला इथे कोंडून ठेवलंय का कोणी?’

‘हितं नाय.’

‘हितं नाय म्हणजे?’

‘घरी ठेवतान.’

आता हे सांगायलाच हवं. हे मी वर लिहिलं नाही. विसरलो नव्हतो, मुद्दाम लिहिलं नव्हतं. नदीवरून तिला ओढून आणली त्या दिवशी संध्याकाळी मी मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली होती. चांगली पितळी, चार स्क्रूची. सकाळी जाताना तिला आत घालून, पाण्याचा तांब्या आणि भाकर ठेवून, बाहेरून कडी लावून जायचो. दीड महिना. संध्याकाळी येऊन काढायचो. शेजाऱ्यांना सांगितलं होतं की ती माहेरी आहे. ती आतून दार वाजवायची तेव्हा शेजारी काय समजत होते ते शेजाऱ्यांनाच ठाऊक.

बाईंनी माझ्याकडे मान वळवली. मी म्हणालो, ‘नदीवर जायची बाई ती. कामाला गेलो नाही तर खायचं काय? काय करणार होतो मी?’

‘इथे आणणार होतात,’ बाई म्हणाल्या. ‘दीड महिना आधी.’

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी उलट ओरडलो असतो, ते मला जमतं. त्या पुढे एवढंच म्हणाल्या, ‘डॉक्टरांना दहा खाटांसाठी लायसन काढावं लागतंय. तुम्ही विना लायसनचं चालवत होतात.’

मग त्यांनी हिला सावकाश, लहान मुलाला सांगतात तसं नाही, बँकेतल्या माणसाला सांगतात तसं सांगितलं. ‘हा अर्ज तुमचा. सही तुमची. राहायचं असेल तर राहा. जायचं असेल तेव्हा अर्ज द्या, तुम्हालाच द्यायचा. यांना विचारायची गरज नाही.’

मला वाटलं ही म्हणणार, घरी जाते. बारा दिवस झाले होते, मीठ कळत होतं, हसवत होती. मी डब्याची पिशवी सावरून उभासुद्धा राहिलो, निघायच्या तयारीत.

हिने पेन घेतलं. नाव लिहायला वेळ लागला, ती तिसरीत शाळेतून काढलेली. मग ‘इच्छितो’ या शब्दावर रेघ मारली. पट्टीशिवाय. वाकडी आली, पण एका दमात मारली. सही केली. आणि म्हणाली, ‘मी हितंच राहते. घरी कडी हाय.’

मी बाहेर येऊन सायकलवर बसलो ते रोडपालीला न जाता सरळ घरी गेलो. कडी काढली. चार स्क्रू, दोन मिनिटांचं काम. बसवायला मला अर्धा तास लागला होता, कारण ती पक्की बसावी म्हणून मी भोकं आधी पाडून घेतली होती. आमच्या धंद्यात याला चोख काम म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी ती कडी फडक्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीतून घेऊन गेलो. तिच्यापुढे खाटेवर ठेवली. ‘ही बघ. काढली. आता चल.’

तिने कडी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि मला परत दिली. ‘दुसरी बसवाल. सुतार हाव तुमी.’

मी शपथा घेतल्या. आईची घेतली, मुलीची घेतली. ती म्हणाली, ‘जेवून घेऊ द्या मला.’ माझा अर्धा तास संपला.

पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. हातात सही नाही, हुकूम नाही. डॉक्टरला म्हणालो, ‘तुम्ही सांगा ना तिला.’ तो म्हणाला, ‘काका, त्या बऱ्या होतायत. पण अर्ज त्यांनी द्यायचा. कायदा तसा आहे.’ मी म्हणालो, ‘तुमचा कायदा नवराबायकोत भांडणं लावतो.’ तो म्हणाला, ‘नाही, तो फक्त दोघांना वेगवेगळं मोजतो.’ मला राग आला. तरुण पोरगा, लग्न झालेलं नव्हतं त्याचं.

तिचा भाऊ येऊन मला म्हणाला, ‘तिनं यायचाच नाय ठरवला तर? कायद्यानं तिला कोन उचलून आननार नाय.’ हे माझ्या मनात आधीच होतं, पण मेहुण्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. मी घरी भिंतीशी बोलायला लागलो होतो. एका सकाळी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तो पिऊन संपवला, तेव्हा मला वाटलं, आपलं नाव खोडायची सरकारने घाई केली.

सातव्या-आठव्या दिवशी मी डबा ठेवला आणि पहिल्यांदा ‘चल’ म्हणालो नाही. तिचं जेवण होईपर्यंत बसलो. मग विचारलं, ‘आत असताना काय करायचीस?’

तिने बोटं चाटून घेतली. मग म्हणाली, ‘ऐकत बसायचे. कोन आला तर कळावा म्हनून. घराचे मालक येतील म्हनून मला भीती वाटायची ना, तर वाटायचा, ते आले तर मी दार कसा उघडू? कडी बाहेरून.’

म्हणजे मी तिला जिथे भीती होती तिथेच भीतीसोबत बंद करून, वरून सायकलची घंटी वाजवत कामाला जात होतो. मी म्हणालो, ‘चुकलो मी.’ आयुष्यात तिला हे मी पहिल्यांदा म्हणालो. आवाज असा आला की शेजारच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, ‘काय झाला ह्यांना? गोळी द्या ह्यांना.’

ही हसली नाही. ‘बरा,’ म्हणाली. ‘उद्या डबा आनू नका.’

मी त्याचा अर्थ काय घेतला ते सांगत नाही. त्या दिवशी रोडपालीला एक चौकट मी उलटी बसवली, मुकादमाने आईवरून शिव्या दिल्या आणि मी त्या शांतपणे घेतल्या.

दुसऱ्या दिवशी डबा न घेता गेलो. ती पिशवी भरून, बाकावर बसलेली. अर्ज तिने सकाळीच दिला होता, स्वतःच्या हाताने, दोन ओळींचा. डॉक्टर गोळ्या समजावत होता, तिलाच. कुठली सकाळी, कुठली जेवल्यावर. मी पेन काढून उभा होतो, कुठे सही करायची म्हणून. कोणी विचारलं नाही. मी पेन खिशात ठेवलं.

घरी आल्यावर ती मागच्या खोलीकडे गेलीच नाही. ओट्याशी गेली, डबे उघडून वास घेतले, माझ्या भांडी घासण्याला नावं ठेवली. म्हणाली, ‘घरात म्हावरा नाय किती दिवस. जा, मांदेली आना. ताजी बघून आना, कोलनीनी दिली तशी घेऊ नका.’

मी पिशवी घेतली आणि निघालो. चार घरं ओलांडली आणि मी मागे वळून बघितलं. घरात ती एकटी, पुढचं दार उघडं, मागचं दार उघडं, पलीकडे रस्ता, रस्त्याच्या टोकाला नदी. मी थांबलो. परत फिरलो. दोन पावलं गेलो आणि पुन्हा वळलो, कारण परत जाऊन मी काय करणार होतो? दारात बसणार? मग माझ्यात आणि त्या पितळी कडीत फरक काय?

मी बाजारात गेलो. कोळीण म्हणाली, ‘किती देऊ?’ मला काय घ्यायला आलो तेच आठवेना. ती म्हणाली, ‘अवो, मालकीन कुठं हाय? तिलाच पाठवा, तुमचा काम नाय ह्या.’ मी मांदेली घेतली, बघितलीसुद्धा नाही, आणि धावत सुटलो. या वयाचा बाप्या मासळीची पिशवी हलवत धावतोय म्हणून लोक बाजूला होत होते.

ती दारातच उभी होती. पिशवीत डोकावली आणि म्हणाली, ‘काल मेलेली मांदेली आनली. आनि धावताव कशाला? ती काय पळून जानार होती?’

पुढे तेरा वर्षं ती जगली. गोळ्या घेतल्या, मध्ये एकदा थांबवल्या, मग दोनदा आपणहून पिशवी भरून त्या बंगल्यात जाऊन राहिली आणि आपणहून परत आली. तेरा वर्षं मी रोज बाजारातून घाईने परत आलो. तिला ते माहीत होतं. मुद्दाम म्हणायची, ‘आज दमानं या, मी हाय.’ मी दमानं कधी आलो नाही. शेवटी ती हृदयाच्या झटक्याने गेली, भर दुपारी, ओट्याशी, मी घरात असताना. तिथे माझं धावणं काही कामाला आलं नाही.

आता मी बाजारात कितीही वेळ उभा राहतो. कोळणी म्हणतात, ‘आजोबा, घ्या नाहीतर सरका.’ मी भाव विचारतो, मासा उलटा करून डोळे बघतो, गलफडं उघडून बघतो. ताजा मासा ओळखायला शिकलोय. घेतो थोडा आणि घरी येतो. घाई नसते.